पिंपळनेर : हुनर हातात, सनद कुठे?

धुळ्याहून सुरतेच्या हमरस्त्याने निघाले की कुसुंबा, नेर अशी गावे मागे टाकत साक्री येते. साक्रीला हा मोठा रस्ता सोडून डावीकडे वळायचे. पुढे सुमारे २५ किलोमीटरवर, पांझरेच्या काठी, पिंपळनेर आहे. उत्तरेच्या पठारांवर छडवेल-ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या दिसत राहतात आणि दक्षिणेकडून सेलबारी-डोलबारीचे डोंगर हळूहळू जवळ येतात. मे महिन्यात या भागात कांद्याशिवाय दुसरा विषय नसतो. चाळी भरलेल्या, ट्रॉल्या भरलेल्या, चहाच्या टपरीवर गप्पा त्याच्याच भावाच्या.

जवळच्या नात्यातल्या एका वलिम्याच्या निमित्ताने आम्ही कुटुंबासह दोन दिवस इथे होतो. धुळ्यात राहणाऱ्यांना पांझरा माहीत असते ती पुलाखालची, थकलेली. पिंपळनेरला ती नुकतीच डोंगरातून उतरलेली असते आणि गावाच्या वरच्या अंगाला लाटीपाडा धरणात अडवलेली असते. याच नदीवर खाली जुने बंधारे आणि फडाची शेती आहे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे, पाणी वाटायचे ते नेमलेल्या पाटकऱ्याने, आणि त्याच्या शब्दावर कुणी भांडायचे नाही. शेकडो वर्षे ही पद्धत चालली. पाटकऱ्याला कुठल्या शाळेने पाणी मोजायला शिकवले नव्हते. बापाच्या मागे बांधावर फिरून तो शिकला.

गाव तसे तीन रस्त्यांचे. एक साक्रीवरून धुळ्याला, एक सेलबारीच्या घाटाने ताहाराबाद-सटाण्याकडे, तिसरा चरणमाळ घाटातून नवापूरला. त्यामुळे बाजारात अहिराणी ऐकू येते, पश्चिमेच्या पाड्यांवरून आलेल्या मावची-कोकणी-भिल्ल मंडळींची बोली ऐकू येते, आणि आपल्या मोहल्ल्यात खान्देशी वळणाची उर्दू. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला हे ऐकत बसावेसे वाटते.

इंग्रजी अमदानीत आजच्या साक्री तालुक्याचे नाव पिंपळनेर तालुका असे होते. त्या काळच्या नोंदींत पिंपळनेरचे नाव एका वेगळ्याच कारणाने येते, आणि आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. ते कारण म्हणजे रोशा गवताचे तेल. १८९० च्या आसपास डायमॉक, वॉर्डन आणि हूपर या तिघांनी हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या सुगंधी तेलाच्या धंद्याचे मूळ ठिकाण म्हणून खान्देशातले पिंपळनेर सांगितले आहे. तेल काढणारे कारागीर मुसलमान होते, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

पाऊस ओसरला की हे कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत. लाकूड आणि वाहते पाणी दोन्ही जवळ असेल अशा ओढ्याच्या काठी भट्टी लावत. तांब्याच्या किंवा लोखंडी कढईत पाणी आणि चिरलेले गवत भरून वर झाकण ठेवत, आणि वाफ निसटू नये म्हणून कणकेने ते लिंपून घेत. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला कापड गुंडाळून वरून उडदाच्या पिठाचा लेप आणि दोरी. ती नळी दुसऱ्या बंद भांड्यात जाई, आणि ते भांडे वाहत्या ओढ्यात गळ्यापर्यंत बुडवलेले असे. वाफ तिथे थंड होई आणि पाण्यावर तेल तरंगे. कोवळ्या फुलोऱ्याच्या गवताला मोतिया म्हणत, पिकून लाल झालेल्याला सोफिया. मोतियाचा वास अधिक नाजूक. हे तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर घाट उतरून सुरतेला जाई, मुंबईला जाई, आणि पुढे तांबड्या समुद्राच्या बंदरांतून थेट तुर्कस्तानपर्यंत. तिथले व्यापारी गुलाबाच्या अत्तरात ते मिसळत. म्हणजे पांझरेच्या काठचे गवत इस्तंबूलच्या बाजारात गुलाब म्हणून विकले जाई! व्यापाराची ही चलाखी सोडून देऊ. कारागिरी मात्र अस्सल होती.

पुढे पिंपळनेरच्या आसपासचे गवत कमी झाले आणि धंदा अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकला. वलिम्यात भेटलेल्या चार-पाच बुजुर्गांना आम्ही या भट्ट्यांबद्दल विचारले. कुणाला काहीच ठाऊक नव्हते. त्या कारागिरांना ऊर्ध्वपातन येत होते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द वाचून मुले गोंधळतात. यांनी तो शब्द कधी ऐकलाही नसेल, पण बांबू, कणीक आणि उडदाचे पीठ घेऊन ते काम ते चोख करीत. ते उर्दूत किंवा मराठीत लिहिलेले आमच्या कधी पाहण्यात आले नाही. इंग्रजांनी लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला कळते. गवत गेले आणि त्याबरोबर पिंपळनेरातून हुनरही गेले. त्या हुनराला जोडून लिहिता-वाचता येणे असते, थोडे रसायनशास्त्र असते, तर त्याच हातांनी दुसऱ्या गवताचे, दुसऱ्या फुलाचे तेल काढले असते, असे आम्हाला वाटत राहिले.

हे सगळे डोक्यात असतानाच दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेत गेलो. ट्रॉलीला वेल्डिंग, स्प्रेपंपाची दुरुस्ती, कांदाचाळीचे लोखंडी सांगाडे, टायर-पंक्चर, आणि मोटार भरणारे. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली की तो ती इथे ‘भरायला टाकतो’. अशाच एका दुकानात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मांडी घालून बसला होता. नववीत शाळा सोडलेली. दुकान त्याच्या चाचांचे.

त्याने आमच्यासमोर जळालेली मोटार खोलली. आधी जुन्या कॉईलचे वेढे मोजले, तारेची जाडी गेजवर बघितली आणि वहीत लिहून ठेवली. मग काळी पडलेली तार कापून काढली, स्लॉट घासून साफ केले, त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवला. लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळून कॉईल केल्या आणि एकेक स्लॉटमध्ये दाबून बसवायला घेतल्या. चोवीस स्लॉट, तीन फेज. “मग एका फेजला किती?” आम्ही शिक्षकी सवयीने विचारले. “आठ,” तो वर न बघता म्हणाला. पुढे कुठली कॉईल कुठल्या स्लॉटपासून सुरू होते, टोके कशी जोडायची, जोडणी चुकली तर मोटार उलटी का फिरते, हे त्याने बोटाने दाखवले. शेवटी वार्निश, मग सुकवणे, मग सिरीजच्या बल्बवर तपासणी. गणितात तो नापास होत असे, असे चाचा हसत म्हणाले. आम्हाला हसू आले नाही. या मुलाचा भागाकार आणि शाळेचा भागाकार यांची कधी गाठच पडलेली नव्हती.

“सर, हाथ में सब है, हाथ में कागज नहीं,” चाचा म्हणाले. मग सविस्तर सांगू लागले. हा मुलगा घरांचे वायरिंगही करतो. पण नव्या वीजजोडणीच्या अर्जाला जो चाचणी अहवाल लागतो, त्यावर परवानाधारक वीज ठेकेदाराची सही लागते. घाम याचा, सही दुसऱ्याची, आणि सहीचे पैसे वेगळे. आता शेतात सौर पंप येऊ लागले आहेत. राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची चर्चा गावोगावी आहे. पंप बसवणाऱ्या एका एजन्सीकडे हा मुलगा कामासाठी गेला, तर पहिला प्रश्न आला : आयटीआय झाले आहे का? तो परत आला आणि पुन्हा फर्म्यावर बसला.

शेजारी एक शेतकरी मोटारीची वाट बघत बसला होता. तो अहिराणीत म्हणाला, “पोऱ्याले समदं येस, पन कागद नही शे.” दोघांचे म्हणणे एकच, फक्त बोली वेगळी.

दुकानाबाहेर आलो की पुन्हा त्या पठारांकडे लक्ष जाते. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. अशा प्रकल्पांत एकदा उभारणी झाली की माणसे फार लागत नाहीत, हे खरे. पण जी लागतात ती सनद असलेली. विहिरीवरची जुनी मोटार पुढची वीस वर्षे आजच्याइतकीच जळत राहील आणि भरायला येत राहील, असे कुणी धरून चालू नये. रोशाचे गवत संपेल असेही तेव्हा कुणाला वाटले नसावे.

मग मुलाने शाळेत राहून हुनर शिकायचे की हुनरासाठी शाळा सोडायची? आपल्या घरांत हा प्रश्न असाच विचारला जातो, आणि उत्तर बहुतेक वेळा आठवीनंतर गॅरेजमध्ये मिळते. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंद आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्याला हातभार लावण्यापुरती सवलत आहे, तीही काम धोक्याचे नसेल तर. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न चुकीचाच मांडलेला आहे. दोन्ही एकाच छपराखाली का असू नयेत?

ही कल्पना नवी नाही, आणि परकी तर अजिबात नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना तिथे मांडली गेली आणि तिचा अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे आपल्या देशाचे राष्ट्रपती झालेले. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, मुंबईत मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. ती पुढे अंजुमन-ए-इस्लामच्या छायेत वाढली आणि तिच्यातून तांत्रिक हायस्कूल, पॉलिटेक्निक, अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. हजरत दाऊद (अ.स.) स्वतःच्या हाताने चिलखत बनवून रोजी कमावत, हे तर मक्तबातल्या मुलांनाही पाठ असते. तरी मुलगा वेल्डिंग शिकतो म्हटले की नाते जोडताना लोकांचे तोंड वाकडे होते, हे आपल्यातले ढोंग आहे.

शाळांचेही काही सांगायला हवे. कार्यानुभव नावाचा विषय आमच्या पिढीने शिकला आणि शिकवलाही जातो. बहुतेक ठिकाणी तो कागदी फुले आणि राख्यांवर आटोपतो, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे.

पण महाराष्ट्रातच एका गावाने हे वेगळे करून दाखवले आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातले पाबळ. पिंपळनेरसारखेच पावसाच्या भरवशावरचे गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ साली ते वारले, काम चालू आहे. त्यांची युक्ती साधी होती. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हाताने काम. चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. मुलगा असो की मुलगी, चारही विभागांतून जायचेच. मुली वेल्डिंग करतात, मुले स्वयंपाकघरातले काम शिकतात. आणि काम खोटे नाही. गावात कुणाला वायरिंग हवे, कुणाला माती तपासून हवी, कुणाला लोखंडी स्टँड हवा, तर मुले ते करून देतात आणि त्याचा मोबदला घेतात. कलबागांच्या या अभ्यासक्रमाला राज्याच्या शिक्षण मंडळाने दहावीचा विषय म्हणून मान्यता दिली. आज नववी-दहावीला ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ या नावाने जो विषय काही शाळांत असतो, त्याची मुळे या कामात आहेत.

आम्हाला पाबळच्या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की शिकवायला गावातलेच कारागीर येतात. पिंपळनेरच्या त्या चाचांकडे बीएड नाही, आमच्याकडे आहे. पण मोटार कशी भरावी हे आम्ही वर्गात शिकवू शकणार नाही, ते शिकवतील. आठवड्यातून एक दिवस असा उस्ताद शाळेत आला, तर त्याचा भाचा-पुतण्या शाळा का सोडेल? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही स्थानिक कारागिरांना शाळेत बोलवा, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे न्या, असे लिहिले आहे. लिहिले आहे म्हणजे होईलच असे नाही. शाळेच्या पालकसभेत कुणीतरी उठून विचारले पाहिजे.

आमच्या घरच्या मंडळी त्या दिवशी बायकांत होत्या. त्यांनी वेगळीच बातमी आणली. दहावीला जाणारी एक मुलगी मोहल्ल्यातल्या बायकांचे बुरखे, शाळेचे गणवेश, सगळे शिवते. मापे तोंडपाठ. तिच्या अम्मी म्हणाल्या, शिलाई येते, आता पुढे शिकून काय करायचे? ती मुलगी मात्र घरातला मिक्सर आणि पंखा स्वतः खोलते, आणि तिला वायरिंग शिकायचे आहे. ऐकून बायका हसल्या. आमच्या मंडळी हसल्या नाहीत. घरात पुरुष नसताना वायरमन आला तर दार उघडायचे की नाही, हा प्रश्न आपल्याच बायकांना पडतो. मग बायकांच्या घरी जाऊन काम करणारी वायरमन मुलगी का नको?

आयटीआयच्या व्यवसायांची नावे या निमित्ताने सांगतो, कारण उर्दू माध्यमातली मुले यादी बघून बिचकतात. फिटरला तिथे जोडारी म्हणतात, वेल्डरला संधाता, टर्नरला कातारी, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री आणि वायरमनला तारतंत्री. कातारी हा जुना अस्सल शब्द, लाकूड कातणाऱ्याचा. संधाता मात्र कुणा पंडिताने बसून घडवला असावा. ज्या मुलाला उत्तम वेल्डिंग येते, त्याला आपण संधाता आहोत हे कुणी सांगितलेलेच नसते.

त्या चाचांना आणि त्या अम्मींना आम्ही जे सांगितले तेच इथे लिहितो. आयटीआयला वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात. दहावी पास असेल तर बहुतेक सगळे व्यवसाय खुले, आणि काही व्यवसायांना दहावी नापासही चालतो, म्हणून नापास मुलाला घरात बसवू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. आणि भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षताही मिळते, म्हणजे पदवीचा दरवाजा बंद होत नाही. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या तुकड्या असतात, अर्ज भरताना ते विचारून घ्यावे. सगळे अर्ज ऑनलाइन, दहावीच्या निकालानंतर. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा असेल तर तोही, आधीच काढून ठेवावा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगेत उभे राहून अर्धी मुले तिथूनच परत फिरतात.

मोठ्या कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. अठरा धंदे आहेत : शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, कुलूप बनवणारे, धोबी, न्हावी वगैरे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. व्याजाबाबत आपल्या घरांत जो विचार होतो तो ज्याने त्याने करावा. प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ घेतला म्हणून कर्ज घ्यावेच लागते असे नाही. मोटार भरणारा या अठरांत नाही. त्या मुलाला ही वाट नाही.

चाचांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे प्रश्न सरळ होते. नववीत शाळा सोडली, आता दहावीचे काय? आम्ही सांगितले, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. मग, साक्रीच्या आयटीआयला रोज एसटीने जाऊन येईल का? विद्यार्थ्यांचा पास मिळतो, आम्ही म्हणालो. मग थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. दुकानात हात कमी पडेल, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि तो हिशेब खोटा नव्हता. शेवटी त्यांनी मुलाकडे बघितले. “शाम को तो आएगा ना दुकान पे?” मुलगा कॉईल दाबत होता. त्याने मान हलवली आणि आम्हाला विचारले, सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो.